माझा पहिला ॲम्प्लिफायर

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी काही लिहायचे म्हटले की पाऊस, आई, सहल किंवा एखादी कविता हे विषय ठरलेले असतात. ग्रंथालयात बसून मागचे अंक चाळले तेव्हा माझी तर खात्रीच झाली. म्हणून मी ॲम्प्लिफायरवर लिहिणार असे म्हणाले तेव्हा मैत्रिणी हसल्या. एकीने विचारले, "तुझ्या भावाने केला का?" मला भाऊ नाही. ॲम्प्लिफायर मी केला. तो कसा केला, आणि करून झाल्यावर माझी कशी फजिती झाली, ते सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांना यातले तंत्र अगदी बाळबोध वाटेल. त्यांनी ते सोडून द्यावे आणि पुढचे वाचावे.

आमचे घर इचलकरंजीत आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, असे आम्हाला शाळेतच शिकवतात. त्यानंतर गावाने मागांचा आवाज कधी थांबू दिलेला नाही. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप लागत नाही. आम्हाला मात्र वीज गेली आणि खडखडाट थांबला की जाग येते.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एका कारखान्यात चार माग सांभाळतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, पाळी बारा तासांची. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. आज त्यांना या कामात तीस वर्षे झाली. आई त्याच गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यात कांड्या भरते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मी. माझी फी अण्णांच्या मीटरमागच्या मजुरीतून येते.

मागावरची माणसे एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटे वर केली की चहा, मनगट फिरवले की जॉबरला बोलवा. तिथे तोंडाचा आवाज ऐकू येण्याची सोयच नसते. ही सवय घरातही येते. अण्णा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहतात. लहानपणी मला वाटे की अण्णांचे माझ्याकडे किती लक्ष आहे! पुढे कळले की ते माझे ओठ वाचत होते. आई चुलीकडे तोंड करून बोलली की त्यांना काही उमगत नसे. एकदा आई म्हणाली, "जाताय तर शेव आणा." अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांना 'ठेव' असे ऐकू आले होते. आम्ही खूप हसलो. अण्णाही हसले. पण ते थोडे उशिरा हसले, आमचे हसणे पाहून.

अण्णा आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात टाळ धरीत असत. गळा बेताचा, पण ताल पक्का. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जाणे बंद केले. विचारले तर म्हणत, "पाळीनं अंग दुखतंय गं." आईने मला एकदा हळूच खरे सांगितले. बुवा नवा अभंग सुरू करीत, तेव्हा अण्णांना शब्द लागत नसत. धृपद उचलताना ते भलताच शब्द म्हणत. दोन-तीन वेळा पोरे हसली. मग टाळ खुंटीवर गेले ते तिथेच राहिले.

या गोष्टीवर उपाय करायचा असे मी ठरवले. माझा हिशेब अगदी सोपा होता. ऐकू कमी येते ना? मग आवाज मोठा करावा. घरात एक खिशात मावणारा रेडिओ होता. पूर्वी सकाळी अण्णा त्यावर सांगलीचे आकाशवाणी केंद्र लावीत. त्याला इअरफोनचे भोक होते. त्यातून आवाज काढून मोठ्या स्पीकरला द्यायचा आणि मंडळाच्या भजनांचे फोनवरचे रेकॉर्डिंगही ऐकवायचे, असे मी मनात योजले. दीड हजारात बाजारात तयार स्पीकर मिळतो, हे मलाही ठाऊक होते. मावसभावाचा तसला स्पीकर आणून पाहिलाही. त्याचा ढोल छातीत बसे, पण शब्द घोंगडीखालून आल्यासारखे येत. शिवाय खरे सांगायचे तर आत काय असते, याची उत्सुकता मला लहानपणापासून होती. आमच्या कोपऱ्यावर एक रेडिओवाले काका आहेत. आता ते चार्जर आणि सेट-टॉप बॉक्सच जास्त दुरुस्त करतात, पण पाटी अजून रेडिओचीच आहे. शाळेतून येताना मी त्यांच्या फळीपाशी तासन्‌तास उभी राहत असे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर कांड्या भरून मी दोन हजार रुपये जमवले. २०२४ च्या जूनमध्ये काकांकडून यादी लिहून घेतली आणि एसटीने कोल्हापूर गाठले. दुकानदाराने यादी पाहिली, मग मला पाहिले. "कुणासाठी नेताय?" "माझ्यासाठीच." त्याने आणखी एकदा यादी पाहिली. पण माणूस चांगला होता. प्रत्येक वस्तू वेगळ्या पुडीत बांधून तिच्यावर त्याने नाव लिहून दिले.

तो हिशेब माझ्या वहीत अजून आहे. बारा-शून्य-बारा व्होल्ट, दोन अँपियरचा ट्रान्सफॉर्मर ३२० रुपये. टीडीए २०३०ए नावाच्या दोन आयसी ७० रुपये. ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे दोन मोठे कपॅसिटर ११०. डायोड, रेझिस्टर आणि बारीक कपॅसिटर मिळून ९५. भोकाभोकांची पाटी, जिला दुकानात झिरो पीसीबी म्हणतात, ती ४५. हीटसिंक ८०. आवाजाचे पॉट आणि त्याची टोपी ५५. फ्यूज, बटण, वायर, सॉकेट १२५. सहा इंची आठ ओहमचे दोन स्पीकर ५००. आणि सोल्डरिंगचे सामान २५०. एकूण १६५० रुपये. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्याचा फायदा मी वहीत मांडलेला नाही.

आता ही आयसी म्हणजे काय? पाच पायांची एक काळी चकती, पाठीला धातूची पट्टी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या एसजीएस-आटेस या कंपनीने ती आणली. तिच्यापूर्वी जे काम करायला पाटीभर ट्रान्झिस्टर लागत, ते तिच्या पोटात आधीच मांडलेले असते. बाहेर मोजके भाग जोडले की झाले. २२ हजार ओहम आणि ६८० ओहम असे दोन रेझिस्टर जोडले की आत आलेला संदेश सुमारे ३३ पट मोठा होऊन बाहेर पडतो. बाराच्या ट्रान्सफॉर्मरमधून डायोडांनी सरळ केलेली वीज कपॅसिटरमध्ये साठते, तेव्हा ती सोळा व्होल्टच्या आसपास जाते. एक बाजू अधिक सोळा, एक उणे सोळा, मध्ये शून्य. एवढ्यावर आठ ओहमच्या स्पीकरला दहाएक वॅट मिळतात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला ते चिक्कार होतात.

माझी खरी अडचण विजेची नव्हती, इंग्रजीची होती. सगळी माहिती इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन बसले. 'गेन' म्हणजे लाभ. 'बायस' म्हणजे पूर्वग्रह. 'ग्राउंड' म्हणजे जमीन. विजेला पूर्वग्रह कसा असतो आणि पाटीवर जमीन कुठे असते, या विचारात माझी एक रविवारची दुपार गेली. शेवटी काका म्हणाले, "शब्द सोड. हे शून्य हाय. सगळं मोजायचं ते हितनं. घराचा उंबरा समज." उंबरा म्हटल्यावर मला समजले.

डाग देताना पहिल्या दिवशी बोट भाजले, दुसऱ्या दिवशी ओढणीला भोक पडले. आईने "कॉलेजात हेच शिकवतात का?" असे विचारले. चांगल्या डागाची खूण काकांनी सांगितली होती : तो चकचकीत हवा आणि वायरीच्या अंगाला चिकटून उतरता हवा, मण्यासारखा गोल बसला तर तो वरवरचा. माझे पहिले वीस डाग मोत्यांच्या सरासारखे दिसत होते. ते सगळे काढून मी पुन्हा दिले.

आठव्या दिवशी जोडणी झाली. भंगारातून आणलेल्या एका जुन्या सीडी प्लेअरच्या पत्र्याच्या डब्यात सगळे बसवले. हीटसिंक डब्याच्या पाठीला स्क्रूने घट्ट आवळली. आई, अण्णा, शेजारच्या काकू, सगळे जमले. मी देवाचे नाव घेऊन बटण दाबले. फट्! फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. काकू "असू दे गं" म्हणून उठून गेल्या. अपयशापेक्षा ते 'असू दे'च जास्त लागते.

दुसऱ्या दिवशी डबा काखोटीला मारून काकांकडे गेले. काकांनी आधी मला रागे भरले, सिरीज बोर्ड न लावता थेट वीज दिली म्हणून. सिरीज बोर्ड म्हणजे विजेच्या वाटेत एक साधा पिवळा बल्ब. आत सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटतो आणि मंदावतो. आत कुठे वीज एकमेकीला भिडली असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि वस्तू मात्र वाचते. माझा बल्ब लख्ख पेटून राहिला. काकांनी मीटरची एक टोकणी डब्याला लावली, दुसरी आयसीच्या पाठीला. पीं वाजले. "पाठीची पट्टी तिसऱ्या पायाला जोडलेली असतीया. तिसरा पाय उणे सोळाचा. तू ती हीटसिंकला आवळलीस, हीटसिंक डब्याला, आणि डबा शून्याला. मग काय हुईल?"

उपाय दोन रुपयांचा होता. आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची एक पातळ चकती, आणि स्क्रूला प्लॅस्टिकची टोपी. अभ्रकातून उष्णता जाते, वीज जात नाही. त्या दिवशी काकांच्या फळीवर बल्ब एकदा लुकलुकला आणि मंद झाला. इतका सुंदर अंधार मी कधी पाहिला नव्हता.

घरी येऊन रेडिओ जोडला. आवाज आला! पण त्याबरोबर घुंऽऽ असा एक दुसरा आवाजही आला. रेडिओ काढला तरी तो येतच होता. आपल्याकडची घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते, डायोडांतून गेल्यावर त्यांचे शंभर होतात. ती घरघर. मी शून्याच्या वायरी माळेसारख्या एकापुढे एक जोडल्या होत्या. त्यामुळे मोठ्या विजेचे हेलकावे बारीक संदेशाच्या वाटेत शिरत होते. काकांनी फोनवर सांगितले, "सगळ्या काळ्या वायरी दोन कपॅसिटरच्या मधल्या एका बिंदूवर आण." तसे केले. घरघर अर्ध्यावर आली, पण गेली नाही. रात्री अकरापर्यंत मी खटपट करीत होते.

तेवढ्यात अण्णा बाहेरच्या खोलीतून आले. म्हणाले, "घुंघुं करतंय गं अजून." मी चमकले. आईची हाक न ऐकणाऱ्या अण्णांना हे बाहेरच्या खोलीत ऐकू आले होते! ते डब्यापाशी बसले. माग बिघडला की ते त्याच्या अंगावर हात ठेवतात, हे मी पाहिलेले आहे. तसाच त्यांनी डब्याला हात लावला, स्पीकरला लावला, मग आवाजाच्या पॉटचा धातूचा दांडा धरला. टोपी मी अजून बसवली नव्हती. घरघर थांबली. हात काढला, सुरू झाली. पुन्हा धरला, थांबली. "हितं काय तरी सुटलंय बघ," ते म्हणाले आणि झोपायला गेले. पॉटचे अंग मी शून्याला जोडलेच नव्हते. एक वीतभर वायर, दोन डाग, आणि खोली शांत झाली. आकृतीत ती वायर दाखवलेली नव्हती. सातवी पास झालेल्या माणसाच्या हाताने ती शोधली.

इथे लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण माझी फजिती यापुढेच आहे.

रविवारी अण्णांना समोर बसवून मी मंडळाचे एक रेकॉर्डिंग लावले. आवाज वाढवला. "येतंय का ऐकू?" "येतंय." "बुवा काय म्हणतायत?" अण्णा थांबले. "टाळ मस्त वाजतोय." मी आणखी वाढवला. आई कानावर हात ठेवून बाहेर गेली. एका जागी आवाज फाटू लागला. सोळा व्होल्टच्या छतावर लाट आपटली की तिचा माथा छाटला जातो, मग कितीही पिळा, नुसता खरखराट वाढतो. शेवटी अण्णांनीच हात पुढे करून आवाज कमी केला. म्हणाले, "आवाज लई येतोय गं. शब्द येत न्हाई."

मला रडू आले. वाटले, वॅट कमी पडले. पण वाचून पाहिले तर तिथेही निराशा. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात. म्हणजे दहाचे शंभर. तेवढे केले असते तर गल्लीने आम्हाला घराबाहेर काढले असते, आणि शब्द तरीही आले नसते.

उत्तर मला वर्गात सापडले. मराठीच्या मॅडम वर्णविचार शिकवत होत्या. स्वरांना वाट मोकळी असते, म्हणून ते लांब जातात, ताणता येतात, गाता येतात. व्यंजने म्हणजे त्या वाटेतले अडथळे. श, ष, स हे ऊष्म वर्ण, म्हणजे नुसता श्वास घासून निघालेला. मॅडमनी फळ्यावर एक वाक्य फक्त स्वरांत लिहिले. कोणालाच वाचता आले नाही. मग तेच वाक्य फक्त व्यंजनांत लिहिले. सगळ्यांनी एका दमात वाचले. वर्ग हसला. मला 'शेव' आणि 'ठेव' आठवले. दोन्ही शब्दांत मागचा 'एव' तोच. हरवला होता तो पहिला श्वास.

त्याच महिन्यात मी अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. जायला ते तयार नव्हते. एक पाळी बुडते. मी म्हटले, "तुम्ही माझं पॉट शोधलंत, आता मला तुमचं शोधू द्या." काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, त्यांना खालपासून वरपर्यंत वेगवेगळ्या पट्टीतले बारीक आवाज ऐकवले. त्याचा आलेख कागदावर आला. खालच्या आवाजांना रेघ जवळजवळ सरळ. पुढे ती उतरू लागली आणि चार हजार हर्ट्‌झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली. डॉक्टरांनी कागद पाहूनच विचारले, "मागावर का?"

त्यांनी समजावून सांगितले ते असे. कानाच्या आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या चार हजारांच्या आसपासच्या. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, च, ट, त यांची धार वरच्या पट्टीत, ती बोथट होते. म्हणून माणूस म्हणतो की ऐकू येते पण कळत नाही. म्हणूनच शंभर हर्ट्‌झची घरघर अण्णांना साफ ऐकू आली आणि बुवांचे शब्द आले नाहीत. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा आहे. शंभर डेसिबल असतील तर दोनच तास. मागांच्या खोलीत आवाज शंभराच्या आसपास असतो आणि पाळी बारा तासांची.

परतताना अण्णा शांत होते. मी मात्र मनात एक गुणाकार करीत होते, तीस वर्षांचा. माझी वह्या-पुस्तके, फी, बसचा पास कशातून आले, हे मला आधीही ठाऊक होते. ते कशातून वजा झाले, हे त्या कागदावर प्रथमच लिहिलेले दिसले.

आता काय करायचे ते निदान कळले होते. सगळाच आवाज वाढवून उपयोग नव्हता, जे बुडाले होते तेवढेच वर काढायला हवे होते. कोल्हापूरहून मी ९० रुपयांचा बास-ट्रेबलचा बोर्ड आणि १६० रुपयांचे दोन ट्वीटर आणले. त्या बोर्डाची मूळ कल्पना पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात मांडली. खालचे आणि वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करता यावेत, अशी ती जोडणी. रेडिओचा नादही सोडला. मध्यम लहरींवर चार-पाच हजारांच्या वरचे सूर बहुतेक मुळातच छाटलेले असतात. जे आलेच नाही ते ॲम्प्लिफायर कुठून वाढवणार? मंडळाच्या बुवांना विनंती करून फोन त्यांच्याजवळ ठेवला आणि नवे, स्वच्छ रेकॉर्डिंग केले.

एका रात्री जेवणानंतर ते लावले. बास अगदी कमी, ट्रेबल बराच वर, एकूण आवाज मात्र पहिल्यापेक्षा निम्मा. स्पीकर अण्णांपासून हातभर अंतरावर. आई म्हणाली, "केवढं कर्कश लावलंस!" अण्णा काही बोलले नाहीत. मान किंचित कलती करून बसले. तिसऱ्या कडव्याला त्यांनी हात वर केला. "मागं घे." मी मागे घेतले. पुन्हा तेच कडवे. "आणि एकदा." मग हसून म्हणाले, "असा शब्द हाय व्हय त्यो! मी दोन वर्सं भलताच म्हणत हुतो. पोरं हसायची ती बरोबरच की."

यात चमत्कार काही झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दहा शब्दांतले सहा-सात शब्द त्यांना लागतात. वेगाने म्हटलेले निसटतात. जे गेले ते गेले. अण्णांना खरी गरज श्रवणयंत्राची आहे, आणि श्रवणयंत्र म्हणजे तरी काय? कानामागे बसणारा इवलासा ॲम्प्लिफायर, ज्याच्या त्याच्या आलेखाप्रमाणे हवे तेवढेच वाढवणारा. त्यासाठी आम्ही पैसे साठवत आहोत. माझ्या डब्याची किंमत त्यापुढे काहीच नाही. पण तो डबा नसता तर आम्ही त्या काचेच्या खोलीपर्यंत गेलोच नसतो. 'आवाज मोठा कर' म्हणत एकमेकांवर ओरडत राहिलो असतो.

आता आम्ही घरात ओरडत नाही. अण्णांशी बोलताना समोर येतो, उजेडात उभे राहतो, सावकाश बोलतो. त्याला एक पैसा लागत नाही. आईसुद्धा चुलीवरून वळून बोलते.

राहता राहिला हिशेब. १६५० आणि २५० मिळून १९०० झाले. अभ्रकाच्या चकत्या आणि फ्यूज काकांनी फुकट दिले. दोन हजारांतले शंभर रुपये उरले. त्यांचे मी कानात घालायचे मऊ बोळे आणले, वीस रुपयांना एक, असे पाच जोड. अण्णांनी आधी नाहीच म्हटले. "माग बिघडलेला कानानं कळतो गं. कान झाकून काम कसं करू?" मी म्हटले, "हातानं कळतो. मी बघितलंय." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळीला जाताना त्यांनी डब्याच्या पिशवीत दोन जोड टाकले. एक त्यांचा. दुसरा शेजारच्या मागावर नुकत्याच लागलेल्या सतरा वर्षांच्या पोराचा.